सी कुठला, डी कुठला: नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना

जुनी हार्ड डिस्क आहे तिथेच ठेवायची, शेजारी नवी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, बसवायची आणि विंडोज त्या एसएसडीवर टाकायचं. फोंड्याला आमच्या दुकानात सध्या हेच काम सगळ्यांत जास्त येतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, त्यानंतर तर जास्तच. कोणी मशीन चालतंय तोवर चालवू म्हणतं, कोणी विंडोज 11 साठी अख्खं मशीन बदलतं, पण बहुतेकांना जुना डेटा हलवायचा नसतो. तो जुन्या डिस्कवर राहू दे आणि काम तेवढं भरभर होऊ दे, एवढीच मागणी.

विंडोज टाकणं आता अवघड राहिलेलं नाही. शाळेतली पोरंसुद्धा टाकतात. रड सुरू होते ती नंतर, मशीन घरी किंवा ऑफिसात गेल्यावर. संध्याकाळी फोन येतो, "बाय, म्हजो डी खंय गेलो?" डेटा जागच्या जागी असतो, एक फाइल इकडची तिकडे झालेली नसते. फक्त काल जो डी होता तो आज ई झालेला असतो. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट उघडत नाहीत, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये कंपनी दिसत नाही, फोटोंच्या कॅटलॉगमध्ये सगळीकडे प्रश्नचिन्हं. मग गिऱ्हाइकाला वाटतं की सगळं पुसलं गेलं.

हे टाळायचं तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. ड्राइव्हचं अक्षर डिस्कवर लिहिलेलं नसतं. ते विंडोजच्या वहीत लिहिलेलं असतं. ही वही म्हणजे रजिस्ट्री: एचकी लोकल मशीनमध्ये सिस्टम, आणि सिस्टममध्ये माउंटेड डिव्हायसेस नावाची जागा. तिथे अमुक पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) म्हणजे सी, तमुक म्हणजे डी, अशी नोंद असते. डिस्कवर पार्टिशनांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. एमबीआर डिस्कची ओळख विंडोज तिची सही (तिच्यावरचा एक क्रमांक) आणि पार्टिशन कुठून सुरू होतं यावरून ठेवतं. जीपीटी डिस्कवर प्रत्येक पार्टिशनला स्वतःचा लांबलचक ओळख क्रमांकच असतो. नवं विंडोज म्हणजे कोरी वही. एकच माणूस कोणाचा काका असतो, कोणाचा मामा. तसंच तेच पार्टिशन जुन्या विंडोजचा डी असतं आणि नव्याचा ई. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आता हे आधी, मध्ये आणि नंतर कसं सांभाळायचं ते सांगते.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी

जुनं विंडोज अजून सुरू होत असेल तर ते चालू करा, स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि मोबाइलने त्या पडद्याचा फोटो काढा. खालच्या भागात डिस्क 0, डिस्क 1 अशा आडव्या पट्ट्या दिसतात, त्या पूर्ण आल्या पाहिजेत. प्रत्येक चौकोनात अक्षर, लेबल आणि आकार असतो. हा एक फोटो पुढे तासभराची डोकेफोड वाचवतो. माझ्याकडे मशीन ठेवायला येणाऱ्याला मी पावतीच्या आधी हा फोटो मागते.

मग लेबलं. बहुतेकांच्या मशीनमध्ये सगळ्या ड्राइव्हची नावं "लोकल डिस्क" किंवा "न्यू व्हॉल्यूम" अशीच पडलेली असतात. अक्षर विंडोजच्या वहीत असतं, पण लेबल खुद्द त्या पार्टिशनवर लिहिलं जातं आणि डिस्क कुठेही नेली तरी बरोबर जातं. म्हणून धिस पीसीमध्ये प्रत्येक ड्राइव्हवर राइट क्लिक, रिनेम, आणि कळेल असं नाव. हिशेब, लग्नाचे फोटो, भजन रेकॉर्डिंग, जुने विंडोज, काहीही. एनटीएफएसवर 32 अक्षरांपर्यंत नाव चालतं, पेन ड्राइव्हच्या फॅट 32 वर 11 च. इन्स्टॉल करताना निळ्या-जांभळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरंच वाचायला सोपी जातात, तेव्हा लेबल रोमन लिपीत दिलेलं बरं.

आकारही लिहून ठेवा, आणि विंडोज दाखवतं तो. दुकानदार 1 टीबी म्हणून विकतो ती डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते, 500 ची 465, 512 ची 476, 256 ची 238, आणि 240 ची 223. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज 1024 च्या, एवढाच फरक. कोणी चोरलेले नसतात. इन्स्टॉलच्या वेळी डिस्क ओळखायचा आकारासारखा खात्रीचा मार्ग दुसरा नाही, कारण तिथे ना तुमची अक्षरं असतात, ना डिस्कच्या नंबराचा भरवसा. आज डिस्क 0 असलेली उद्या पेन ड्राइव्ह लावल्यावर डिस्क 1 होऊ शकते.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का पाहून घ्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीच्या चौकोनात बिटलॉकर एन्क्रिप्टेड असं लिहिलेलं असेल तर 48 आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. अनेक लॅपटॉपवर ते मालकाला न कळत चालू झालेलं असतं, आणि की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पडून असते. त्या खात्याचा पासवर्ड मुंबईला असलेल्या पोराला ठाऊक. तो फोन आधी करा.

आणि महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत एखाद्या बाहेरच्या डिस्कवर घ्या. यावर जास्त बोलत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कशी जाते-येते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. डेस्कटॉप असेल तर यूपीएस नसताना हे काम सुरूच करू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी.

जुनी डिस्क बाजूला काढा

या पूर्ण लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे: विंडोज टाकताना मशीनमध्ये फक्त नवी डिस्क आणि विंडोजचा पेन ड्राइव्ह असावा. बाकी सगळं काढलेलं.

मशीन बंद, प्लग काढलेला. कॅबिनेट उघडा आणि जुन्या हार्ड डिस्कची साटा (डेटाची) केबल काढा. पॉवरची पण काढली तर उत्तम. डिस्क बाहेर काढायची गरज नाही, केबल सुटली की झालं. लॅपटॉपमध्ये जुनी डिस्क उघडून काढणं जिवावर येत असेल तर काही मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तो पोर्ट बंद करायची सोय असते, ती वापरा. यूएसबीला लावलेली बाहेरची डिस्क, कार्ड रीडरमधलं कार्ड, प्रिंटरमधलं मेमरी कार्ड, तेही काढा.

याला कारण दोन. पहिलं उघड आहे: नसलेली डिस्क चुकून फॉरमॅट होत नाही. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. आताचं विंडोज दोन जागी बसतं. एक मोठं पार्टिशन, जे तुम्हाला सी म्हणून दिसतं, आणि एक साधारण 100 एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशन, ज्यात मशीन सुरू करणाऱ्या फाइली असतात. जुनी डिस्क लावलेली असेल आणि तिच्यावर असं ईएफआय पार्टिशन आधीच असेल, तर सेटअप नवं बनवायच्या भानगडीत पडत नाही. सुरू करणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवर टाकतं आणि विंडोज नव्यावर. चालतं व्यवस्थित. मग वर्षभराने जुनी डिस्क खरखरायला लागते, तुम्ही ती काढून टाकता, आणि मशीन म्हणतं की माझ्याकडे बूट करायला काहीच नाही. एसएसडी धडधाकट, विंडोज धडधाकट, आणि पडदा काळा.

बांदोड्याच्या बाजूच्या एका देवस्थानच्या ऑफिसातलं मशीन असंच आलं होतं. दुसऱ्या कोणीतरी एसएसडी घालून दिली होती, जुनी डिस्क मेली, आणि जत्रेच्या तोंडावर पावत्या छापायच्या होत्या. कारकून म्हणाले, "ताई, नवी डिस्क पण गेली वाटतं." गेली नव्हती. त्यावरचा उपाय पुढे देते, पण केबल काढली असती तर तो लागलाच नसता.

पेन ड्राइव्हवरून सुरू करताना

8 जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या टूलने त्यावर विंडोज तयार करा. तो पूर्ण पुसला जातो. नवी एसएसडी बसवा. छोट्या पट्टीसारखी एम.2 असेल तर ती तिरकी सरकवून खाली दाबायची आणि टोकाचा स्क्रू लावायचा. बहुतेक 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब असतात. आमच्या दमट हवेत जुन्या बोर्डांच्या खाचेवर बुरा येतो, तेव्हा बसवण्याआधी मऊ ब्रशने एकदा साफ करा.

मशीन सुरू करताना बूट मेनू उघडा. कोणात एफ-12, कोणात एफ-11, कोणात एस्केप. पहिल्या पडद्यावर कोपऱ्यात लिहिलेलं असतं. तिथे पेन ड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा मागे यूईएफआय लिहिलेला. यूईएफआय म्हणजे मशीन सुरू करायची नवी पद्धत, तोच निवडा. नुसता निवडला तर विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने बसू पाहतं, आणि विंडोज 11 ला तर यूईएफआय लागतंच.

पेन ड्राइव्हवरूनच सुरू करा असं मी आवर्जून सांगते, कारण अक्षराचा प्रश्न इथेही आहे. पेन ड्राइव्हवरून बूट करून टाकलेलं विंडोज स्वतःच्या पार्टिशनला सी म्हणतं. विंडोज 7 च्या दिवसांत लोक चालू विंडोजमध्येच डीव्हीडी घालून सेटअप चालवायचे आणि दुसऱ्या पार्टिशनवर टाकायचे. मग नवं विंडोज जुन्याची वही घेऊन यायचं आणि जन्मभर डी किंवा ई म्हणून राहायचं. एक्सपीच्या वेळी तर कार्ड रीडरच्या रिकाम्या खाचा अक्षरं खाऊन बसायच्या आणि विंडोजला एच मिळायचं. असं बसलेलं विंडोज चालतं, पण सी धरून लिहिलेली छोटी सॉफ्टवेअर त्यावर अडखळतात, आणि नंतर ते अक्षर बदलता येत नाही.

कुठे टाकायचं हे विचारणारा पडदा आला की तिथे एकच डिस्क दिसली पाहिजे, आणि तिच्यावर नुसती मोकळी जागा. अनअलोकेटेड स्पेस लिहिलेली ओळ निवडायची आणि नेक्स्ट. बस. स्वतः पार्टिशन पाडत बसू नका. ईएफआय, 16 एमबीचं एक राखीव, मुख्य आणि रिकव्हरीचं, ही चारही सेटअप आपली आपण पाडतो. मला विचाराल तर 256 किंवा 512 च्या एसएसडीचे आणखी तुकडे करून "सी वेगळा, डी वेगळा" करण्यात आता अर्थ नाही. एका वेळी डिस्क एकच जाते, तिचे तुकडे केले तरी. वेगळा डी हवा तर तो वेगळ्या डिस्कवर असू दे, आणि तुमच्याकडे ती आहेच.

डिस्क दिसतच नसेल तर घाबरू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर एसएसडी इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या यंत्रणेच्या मागे असते, आणि विंडोजच्या पेन ड्राइव्हवर तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उघडून पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा आणि लोड ड्रायव्हर दाबून तो दाखवा. डिस्क लगेच येते.

एसएसडी दुसऱ्या मशीनमधून काढलेली असेल तर तिच्यावर जुनी पार्टिशनं असतात. ती साफ करायला शिफ्ट आणि एफ-10 एकदम दाबा, काळी खिडकी उघडते. मी इथे उच्चार लिहिते, तुम्ही अर्थातच इंग्रजीत टाइप करा. आधी डिस्कपार्ट आणि एंटर. मग लिस्ट डिस्क. आता तो मघाचा कागद काढा आणि आकार जुळवा. 476 जीबीची नवी असेल आणि ती डिस्क 0 असेल तर सिलेक्ट डिस्क 0. पुन्हा एकदा लिस्ट डिस्क द्या. निवडलेल्या डिस्कसमोर चांदणी येते, ती बरोबर ओळीवर आहे ना ते बघा. मगच क्लीन. त्यानंतर कन्व्हर्ट जीपीटी, आणि एक्झिट. क्लीन काहीच विचारत नाही, "नक्की ना?" असंही नाही. एंटर दाबलं की पार्टिशनं गेली. पेन ड्राइव्हसुद्धा त्या यादीत असतो हे विसरू नका.

त्याच काळ्या खिडकीत लिस्ट व्हॉल्यूम दिलंत तर गंमत दिसेल. तिथे एक्स नावाचा ड्राइव्ह असतो, तो सेटअपने मेमरीत उघडलेला तात्पुरता. पेन ड्राइव्हला सी किंवा डी मिळालेलं असतं. ही अक्षरं सेटअपची स्वतःची, ते संपलं की तीही संपली. मशीन बिघडल्यावर रिकव्हरीत गेलात तरी हेच: तिथला सी हा तुमचा सी असेलच असं नाही. म्हणून तिथे कुठलीही कमांड चालवण्याआधी डीआयआर देऊन विंडोज आणि युजर्स हे फोल्डर कुठल्या अक्षराखाली आहेत ते बघायचं.

जुनी डिस्क परत जोडल्यावर

नवं विंडोज एकदा पूर्ण सुरू होऊ द्या, अपडेट होऊ द्या, पेन ड्राइव्ह काढा, एकदा रीस्टार्ट करून बघा. मग बंद करून जुन्या डिस्कची केबल लावा. सुरू करताना बायोसमध्ये पहिला क्रमांक नव्या डिस्कवरच्या विंडोज बूट मॅनेजरचा आहे ना ते पाहा, नाहीतर मशीन आपल्या सवयीने जुन्या विंडोजमध्येच जाऊन बसेल.

आता डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि मोबाइलमधला फोटो शेजारी धरा. देवस्थानच्या मशीनवर मी नवं चित्र पाहिलं ते असं होतं: सी म्हणजे एसएसडी, ठीक. डी म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह, कारण पहिलं मोकळं अक्षर त्याने उचललं. दुसऱ्या एका डिस्कवरचं जुनं विंडोज झालं होतं ई, आणि त्यांच्या हिशेबाचं पार्टिशन, जे कित्येक वर्षं डी होतं, ते एफ. टॅली डीमध्ये कंपनी शोधत होती आणि तिथे रिकामा डीव्हीडी ट्रे.

दुरुस्ती क्रमाने करायची. जे अक्षर हवंय ते आधी मोकळं करा, मग द्या. खालच्या भागात सीडी-रॉम 0 लिहिलेल्या चौकोनावर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, चेंज, आणि आर निवडा. डीव्हीडीला मी नेहमी आर देते. कोणाच्याही मध्ये येत नाही. विंडोज विचारेल की काही प्रोग्रॅम या अक्षरावर अवलंबून असतील, बदलू का, येस. मग हिशेबाच्या पार्टिशनवर राइट क्लिक करून तसंच, आणि डी. ते लगेच लागू होतं, रीस्टार्टही लागत नाही. टॅली बंद करून उघडली, सगळ्या कंपन्या परत दिसल्या. हे करताना त्या ड्राइव्हमधली कुठलीही फाइल उघडी ठेवू नका.

जुन्या एमबीआर डिस्कवर शंभर-पाचशे एमबीचं सिस्टम रिझर्व्ह्ड नावाचं पार्टिशन असतं, नवं विंडोज त्यालाही कधी कधी अक्षर देऊन टाकतं. ते फुकट गोंधळ घालतं. तिथे त्याच खिडकीत चेंजऐवजी रिमूव्ह दाबा. रिमूव्हने फक्त अक्षर जातं, आतलं काही जात नाही; पण शेजारच्या मेनूत फॉरमॅट आणि डिलीट व्हॉल्यूमही असतात, तेव्हा उंदीर जपून हलवा. कार्ड रीडरच्या रिकाम्या खाचा ई-एफ-जी अडवून बसल्या असतील तर त्यांनाही शेवटची अक्षरं द्या, टी-यू-व्ही वगैरे.

फोटोग्राफर मंडळींसाठी वेगळा सल्ला. लग्नाचे, शिगम्याचे, चवथीच्या आरासांचे फोटो तीन-चार बाहेरच्या डिस्कवर असतात आणि कॅटलॉग मात्र अक्षर धरून बसलेला. आज जी डिस्क एफ आली ती उद्या पेन ड्राइव्ह आधी लावला म्हणून जी येते. प्रत्येक डिस्क एकेक करून लावा आणि तिला पुढचं अक्षर स्वतः द्या: एम, एन, पी. नवं काही लावलं की विंडोज सुरुवातीची मोकळी अक्षरं उचलतं, आणि ऑफिसातले नेटवर्क ड्राइव्ह झेडपासून मागे येतात, त्यामुळे मधली निवांत असतात. एकदा हाताने दिलं की त्या मशीनवर ती डिस्क तेच अक्षर घेऊन येते. दुसऱ्या मशीनवर नाही, कारण तिथली वही वेगळी. ए आणि बी ही अक्षरंही देता येतात. 1981 च्या आयबीएम पीसीपासून ती फ्लॉपीची, 1983 च्या एक्सटीमधल्या 10 एमबीच्या हार्ड डिस्कला म्हणून सी मिळालं. आता फ्लॉपी उरली नाही तरी मी ती दोन कोणाला देत नाही. जुन्या माणसांना उगाच दचकायला होतं.

एक गैरसमज दूर करते. डी परत डी झाला म्हणून डीमध्ये इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर चालतील असं नाही. त्यांच्या नोंदी जुन्या विंडोजच्या रजिस्ट्रीत राहिल्या. ती पुन्हा टाकावी लागतात. अक्षर सांभाळण्याचा फायदा डेटाला: टॅलीचे नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर, कॅटलॉग, एक्सेलमधल्या एकमेकींना जोडलेल्या फाइली, शॉर्टकट.

जुन्या सीवर, म्हणजे आता ई किंवा जे काही असेल त्यावर, युजर्स फोल्डरमध्ये तुमचा जुना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आहेत. उघडताना परवानगी नाही म्हणेल. कंटिन्यू दाबा आणि थांबा, जास्त फाइली असतील तर वेळ खातं. यापुढे डॉक्युमेंट्स मोठ्या डिस्कवरच राहावेत असं वाटत असेल तर डीमध्ये आधी त्या नावाचा फोल्डर बनवा, मग डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन, मूव्ह, आणि तो फोल्डर. नुसता डी निवडू नका. मग विंडोज पूर्ण डी ड्राइव्हलाच डॉक्युमेंट्स समजतं आणि ते सोडवणं कटकटीचं होतं.

सीचं अक्षर बदलायच्या फंदात पडू नका. डिस्क मॅनेजमेंट ते बदलू देत नाही, आणि रजिस्ट्रीत जाऊन नोंदींची अदलाबदल करायचे व्हिडिओ सापडतात ते बघून कोणी केलं की मशीन लॉगिनपाशी अडकतं. विंडोज चुकीच्या अक्षरावर बसलंच असेल तर पुन्हा टाकणं स्वस्त पडतं.

सुरू करणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवर गेल्या असतील तर

देवस्थानच्या मशीनवर हेच आधी करावं लागलं. पेन ड्राइव्हवरून बूट, शिफ्ट एफ-10, डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, आकार बघून एसएसडी सिलेक्ट. मग लिस्ट पार्टिशन, विंडोजचं मोठं पार्टिशन सिलेक्ट, आणि श्रिंक डिझायर्ड बरोबरचं चिन्ह 300. म्हणजे शेवटाला 300 एमबी मोकळे झाले. क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ बरोबर 260. फॉरमॅट क्विक एफएस बरोबर फॅट32. असाइन लेटर बरोबर एस. लिस्ट व्हॉल्यूम देऊन विंडोज कुठल्या अक्षराखाली आहे ते पाहिलं. तिथे सी होता, तुमच्याकडे डी असू शकतो. एक्झिट. शेवटी बीसीडीबूट, जागा, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, जागा, स्लॅश एस, जागा, एस कोलन, जागा, स्लॅश एफ, जागा, यूईएफआय. फाइली तयार झाल्याचा निरोप आला की पेन ड्राइव्ह काढून रीस्टार्ट. एस हे अक्षर तात्पुरतं होतं, ते आपोआप जातं. हे सगळं जीपीटी डिस्कवर चालतं. एमबीआरवर बसलेल्या विंडोजला आधी एमबीआर2जीपीटी या टूलने बदलावं लागतं, आणि तेव्हा वेगळं ईएफआय तेच टूल बनवतं.

जुन्या डिस्कवरचं जुनं विंडोज लगेच पुसू नका. त्यात कुठला तरी प्रिंटरचा ड्रायव्हर, कुठला तरी जतन केलेला पासवर्ड, एखादा डेस्कटॉपवर पडलेला जीएसटीचा फोल्डर राहिलेला असतोच, आणि तो महिनाअखेरीला आठवतो. एक रिटर्न भरून होईपर्यंत राहू दे. पुसायची वेळ आली की एक दिवस जुन्या डिस्कची केबल काढून मशीन सुरू करा. एसएसडी एकटी नीट उठली तर केबल लावा आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये लेबल वाचून, आकार वाचून, तेवढंच पार्टिशन फॉरमॅट करा.